चार हातांचा खडा

एका राज्यात जन्माला येणारं प्रत्येक मूल मुठीत एक खडा घेऊन येई. कुणाच्या मुठीत तांब्याचा कण असे, कुणाच्या लोखंडाचा. कुणाची मूठ उघडली की पिवळाजर्द गंधक निघे, कुणाच्या तळहातावर कोळशाचा काळा डाग पडलेला असे. काही मुलांच्या मुठीत तर नुसता वायूचा बुडबुडा सापडे, आणि सुईण तो लगबगीनं काचेच्या कुपीत धरून बूच लावी. त्या राज्यात याचं कुणाला नवल नव्हतं. नवल वाटलं असतं ते रिकाम्या मुठीचं.

नगरीच्या दोन पेठा होत्या. डावी पेठ धातूंची. तिथले खडे ठोकले की पत्र्यासारखे पसरत आणि खणखणीत वाजत. माणसंही तशीच, बोलायला मोकळी आणि तापायला लवकर. उजवी पेठ अधातूंची. तिथले खडे हातोडा पडला की भुगा होत, वाजत मुळीच नसत. घरं रांगेनं बांधलेली होती, हलक्या खड्यांची चढाला आणि जड खड्यांची उताराला. दोन्ही पेठांच्या मधून एक दगडी जिना वळणं घेत तिरका खाली उतरे.

त्या जिन्याच्या पायऱ्यांवर एके काळी माणसं राहत. त्यांचे खडे धातूसारखे चमकत आणि काचेसारखे फुटत. आजच्या शाळेतली पुस्तकं अशांना धातुसदृश म्हणतात. त्या राज्यात त्यांना नुसतं 'जिन्यावरची' म्हणत, आणि पुढे तेही म्हणेनासे झाले, कारण एका राजानं त्यांना हाकलून दिलं. त्या राजाला दोनापुढे मोजता येत नसावं. इकडचे असाल तर इकडे या, तिकडचे असाल तर तिकडे जा, मधे उभं राहायचं नाही, असा त्याचा हुकूम होता.

जाताना त्यांच्यातली एक बाई मागे वळली. जिन्याच्या माथ्याशी जमिनीत खोदलेलं तळघर होतं आणि त्यात नगरीचा खजिना होता. तो सोन्यारुप्याचा नव्हता. तिथे पूर्वजांनी वीज कोंडून ठेवली होती आणि तिच्यावर सारी नगरी उजळत असे. बाई म्हणाली, "वीज तुमची तुम्हाला राहो. पण तिला जा म्हणणारं आणि थांब म्हणणारं आता कुणी उरणार नाही."

झालंही तसंच. तळघराच्या दारातला कोनाडा रिकामा पडला आणि खजिना शापित झाला. वीज सुटली की डाव्या पेठेत तारांतून, कड्यांतून, भांड्यांतून सैरावैरा धावे, आली तशी उलटी फिरे, आणि वाटेतलं जाळून जाई. उजव्या पेठेत ती पाऊलच टाकीत नसे. तिथले लोक दिवसासुद्धा खिडकीशी बसून कामं करीत. आभाळ गडगडलं की डावीकडच्या बायका बांगड्या उतरवून ठेवीत. आणि नियम झाला, की चमकणारा पण फुटणारा खडा घेऊन कुणी जन्मलं, तर ते मूल शापाची खूण समजावं आणि वेशीबाहेरच्या माळापलीकडे नेऊन सोडावं.

अशा त्या राज्यात राजा ताम्रकेतू राज्य करीत होता. त्याची राणी श्यामला उजव्या पेठेतली, कोळशाच्या कुळातली. जन्माचा कोळशाचा खडा ती गळ्यात चांदीच्या डबीत घाली. डाव्या पेठेनं तिला राणी म्हणून मान दिला, पण मनापासून दिला असं म्हणता येणार नाही. त्यांना एक मुलगा होता. त्याला नाव नव्हतं. त्या राज्यात मुलाचा पहिला दुधाचा दात पडल्याशिवाय त्याचा खडा पारखीत नसत, आणि खडा पारखल्याशिवाय नाव ठेवीत नसत. तोवर सगळे त्याला बाळराजे म्हणत.

त्याचा खडा रेशमी पुरचुंडीत राणीच्या पेटीत होता. एकदाच, तो तान्हा असताना, तो खडा पाळण्यातून फरशीवर पडला होता. राणीनं उचलून पाहिला. रंग राखाडी, चकाकी आरशासारखी, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तिनं टवका पदराला बांधला, फरशी स्वतः पुसली आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही. राजालाही नाही, कारण राजाला कळलं तर त्याला नियम पाळावा लागला असता. तेव्हापासून ती हसे, बोले, सण करी, पण तिचं अर्धं लक्ष नेहमी त्या पेटीकडे असे.

आणि एके सकाळी बाळराजे जेवताना थांबले.

"आईसाहेब," ते म्हणाले, "दात हलतो."

राणीच्या हातातला घास हातात राहिला. मग ती म्हणाली, "हलू दे. तू हलवू नकोस."

पण हलणाऱ्या दाताला जीभ न लावणारं मूल अजून कुठल्या राज्यात जन्मलेलं नाही. राणी दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत राही. हसला तरी तिला भीती वाटे, शिंकला तरी वाटे. तिनं त्याला मऊ भात आणि दूध याशिवाय काही देऊ नये असं दाईला बजावलं. दाई येसू म्हणाली, "राणीसाहेब, दात काय, पडायचाच." राणीनं तिच्याकडे असं पाहिलं की येसू पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

बाळराजांना खडा फार आवडे. हट्ट करून ते तो कधी कधी मुठीत धरून बसत. "गरम झाला की तो गुणगुणतो," ते सांगत. राणी ऐके आणि सोडून देई. भीतीनं माणूस बहिरं होतं, तसं तिचं झालं होतं.

जिन्यावर आता फक्त एक टिटवी राहत होती. फुटक्या पायऱ्यांवरच्या गोट्यांत तिनं अंडी घातली होती. टिटवी ओरडली की लोक कानांवर हात ठेवीत, अपशकुन म्हणून तिला दगड मारीत. एका दुपारी राणी सज्जात उभी असताना टिटवीनं खालून हाक मारली.

"राणीसाहेब, दात किती दिवस धरून ठेवणार?"

राणी दचकली. "तुला कुणी सांगितलं?"

"मी पाय वर करून झोपते. आभाळ पडलं तर झेलावं म्हणून. चिंता करणारं दुसरं कुणी असलं की मला लांबून ओळखू येतं."

राणीनं इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "उपाय आहे?"

"शाप उतरला तर नियम उतरेल. जिन्यावरच्यांतले तिघे आणावे लागतील. पहिला सुरमा, त्याच्यानं दिसेल. दुसरा सोमल, तो देईल. तिसरा टांकण, तो मागेल."

"आणि मग?"

"मग तुमचं तुम्ही पाहा. मी पक्षी आहे."

राणीनं राजाला सांगितलं, की बाळासाठी नवस बोलले आहे, फेडायला जायला हवं, आणि एकटीनंच जायला हवं. राजानं विचारलं, "आत्ताच? दात हलत असताना?" ती म्हणाली, "म्हणूनच." राजानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. निघताना तिनं बाळराजांना जवळ घेतलं. "मी येईपर्यंत दात पडू द्यायचा नाही," ती म्हणाली. त्यांनी तोंड घट्ट मिटून मान हलवली.

वाट चालताना तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आता त्याचं जेवण चाललं असेल, आता तो धावत असेल, धावताना पडला तर? प्रत्येक ठेच तिला त्याच्या तोंडाला लागल्यासारखी लागे.

सुरम्याच्या डोंगरात एक जादूगार राहत होता. त्याच्या पापण्या मिटलेल्या होत्या आणि त्यांवर धुळीचा थर होता. तो म्हणाला, "कोण आलं आहे?"

"एक आई. सुरमा न्यायला आले."

"सुरमा या दगडात कैद आहे. प्राणवायूनं त्याला धरून ठेवलं आहे. त्याला सोडवील असा एकच आहे, कोळसा. पण चुलीतला चालत नाही. जन्माचा लागतो."

राणीचा हात गळ्यातल्या डबीकडे गेला. हा खडा गेला तर तिला ना उजवी पेठ उरणार होती ना डावी. वेशीवर प्रत्येकाला खडा दाखवावा लागे. ज्याच्याजवळ तो नाही, त्याला आत घेत नसत. तिला वाटलं, परत फिरावं. मग हलणारा दात आठवला आणि तिनं डबी उघडली.

जादूगारानं भट्टी पेटवली. कोळशानं प्राणवायूचा हात धरला, आणि दोघं धुराड्यातून निघून गेले. मागे मुशीत राखाडी, चकचकीत खडा उरला. जादूगारानं तो खलून तिच्या डोळ्यांत घातला. डोळे चुरचुरले, पाणी आलं, आणि मग तिला दिसू लागलं. दगडाच्या आतलं दिसू लागलं. दगडात राईच्या दाण्याहून बारीक माणसं उभी होती, एकमेकांचे हात धरून, रांगांमागे रांगा.

"आता तुला जे बंद आहे त्याच्या आत चाललेलं दिसेल," जादूगार म्हणाला. "पुष्कळदा ते न दिसलेलंच बरं असतं. जा."

सोमल म्हणजे जहर. त्याच्या गुहेचे दगड पिवळे आणि तांबडे होते, हरताळ आणि मनशीळ. आसपास गवताचं पातं नव्हतं. दारात एक म्हातारा नाग पडला होता.

"सोमल हवा आहे," राणी म्हणाली.

"सगळ्यांनाच हवा असतो," नाग म्हणाला. "कुणाला भावासाठी, कुणाला सवतीसाठी. तुला कुणासाठी?"

"मुलासाठी."

नागानं फणा उचलला.

"मारायला नव्हे," ती घाईनं म्हणाली. "वाचवायला."

नाग बाजूला सरकला. आत राखाडी ढेप होती. राणीनं तिच्यात पाहिलं. इथल्या बारीक माणसांना पाच हात होते. चार हात कामात गुंतलेले, आणि पाचवा मोकळा, सारखा काही ना काही चाचपडणारा. तो हात कुणाच्याही गळ्याशी गेला असता, हे तिला बघताच समजलं. मनात आलं, जास्त न्यावा, कमी पडला तर परत यायला वेळ कुठे आहे? तिची बोटं ढेपेकडे गेली.

"मूठभर नेणारे या गुहेतून बाहेर पडत नाहीत," मागून नाग म्हणाला.

तिनं नखाच्या टोकावर राहील एवढाच कण उचलला, पानात गुंडाळला आणि मागे न बघता निघाली. बाहेर येऊन तिनं हात वाळूनं घासून घासून धुतले, तरी तिला ते धुतल्यासारखे वाटेनात.

टांकण, सोनार डाग लावताना वापरतात तो खार, फार उंचावर होता, थंड पठारावर, आटलेल्या तळ्याच्या काठी. तळ्याच्या बुडाला पांढरी खपली धरली होती. तिथे एक म्हातारी बसली होती. तिचं वय कशाशी मोजावं ते राणीला कळेना.

"खडा दाखव," म्हातारी म्हणाली.

"संपला."

"मग तू कुठली?"

"मी एका मुलाची आई आहे. सध्या एवढीच आहे."

म्हातारी हसली नाही, पण सरकून तिनं तिला बसायला जागा दिली. मग म्हणाली, "शाप मीच दिला. रागात होते. तो दिला तेव्हा पायरीवर माझ्या नातीचा पाळणा होता. शापानं सगळ्यात आधी तोच रिकामा केला."

राणीनं विचारलं, "तुम्हाला उतरवता येईल?"

"नाही. दिलेला शाप देणाऱ्याच्या हातात राहत नाही." म्हातारीनं खपली हलकेच खरवडली, ती तव्यावर फुलवली, आणि खपलीच्या पोटातून काढलेली काळसर भुकटीची चिमूट राणीच्या तळहातावर ठेवली. "तुमच्या पारख्यानं आमचे खडे बर्फाच्या पाण्यात धुतले, ऐरणीवर ठेवले आणि म्हणाला, वाजा. गारठलेलं कुणी वाजतं का?"

राणीनं त्या चिमुटीत पाहिलं. या माणसांना तीनच हात होते. चौथ्याची जागा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेकडे ती सारखी बघत होती, कुणी येतं का म्हणून. राणीला त्यांची ओळख पटल्यासारखी वाटली.

परतीच्या वाटेवर ती चालली नाही, धावली. पण नगरीच्या वेशीवर डाव्या दारावरच्या पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. "खडा दाखवा, राणीसाहेब." तो शरमलेला होता, पण भाला हलला नाही. ती उजव्या दाराशी गेली. तिथला पहारेकरी तिच्या माहेरच्या आळीतला, तिला लहानपणापासून ओळखणारा. तोही म्हणाला, "खडा, बाईसाहेब."

एवढ्यात तटावरून टिटवी ओरडली, "राणीसाहेब, दात पडला."

राणीनं तटाकडे मान वळवली. "कधी?"

"काल संध्याकाळी. पेरू खाल्ला. आई आठवली म्हणून हट्टाला पेटले होते, आणि दाईला नाही म्हणवलं नाही. दरबार भरला आहे."

राणीनं दोन्ही दारांकडे पाहिलं. मग तिनं जिन्याकडे पाहिलं. जिन्याच्या तळाशी पहारेकरी नव्हता, कारण तिथून कुणी येईल असं पिढ्यानुपिढ्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. काट्यांतून, तुटक्या पायऱ्यांवरून ती वर चढली. टिटवीच्या अंड्यांना ओलांडताना मात्र तिनं पाऊल जपून टाकलं.

दरबारात राजपारखी निर्मळनाथ आपलं काम करीत होता. तो वाईट माणूस नव्हता. स्वच्छतेपलीकडे त्याला काही दिसत नसे, एवढंच. त्यानं बाळराजांचा खडा पहिल्या पाण्यात धुतला, दुसऱ्या पाण्यात धुतला, तिसऱ्या बर्फाच्या पाण्यात धुतला, इतका की त्यावर बोटाचा ठसासुद्धा उरला नाही. मग ऐरणीवर ठेवून हातोडा मारला. खडा वाजला नाही. त्याचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही आरशासारखे चमकले.

"चमकतो, पण पसरत नाही," निर्मळनाथ म्हणाला. "फुटतो, पण त्याचा भुगा होत नाही. महाराज, हा खडा कुठलाच नाही."

डाव्या पेठेचे लोक उजवीकडच्यांकडे बघू लागले, उजवीकडचे डावीकडच्यांकडे. बाळराजे एका हाताच्या मुठीत आपला दात धरून उभे होते. त्यांना एवढंच कळलं, की आपण काहीतरी चुकवलं. राजाचा चेहरा पांढरा पडला होता. हुकूम त्यालाच द्यायचा होता. त्यानं हात उचलला.

"महाराज, थांबावं," राणी दारातून म्हणाली.

ती जिन्याकडच्या दारातून आत आली होती, जे दार कुणी उघडत नसे. तिच्या पायांत काटे होते. बाळराजे धावत जाऊन तिला बिलगले. "मी तोंड मिटून ठेवलं होतं," ते रडत म्हणाले. "पेरूसाठीच फक्त उघडलं."

"असू दे," ती म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

निर्मळनाथ म्हणाला, "राणीसाहेब, आपल्या गळ्यातली डबी उघडी दिसते."

"खडा संपला."

दरबारात कुजबुज झाली. नियम आता दोघांना लागू होता. राणी राजाकडे वळली. "शाप उतरवायला एक संधी द्यावी. नाहीच उतरला, तर आम्ही दोघं माळापलीकडे जाऊ. मुलाला एकट्याला जावं लागणार नाही, एवढं तरी होईल."

राजानं उचललेला हात खाली घेतला. "दिली," तो म्हणाला.

तेवढ्यात आभाळ गडगडलं. तळघरातून त्याला उत्तर आलं. डाव्या पेठेत भांडी थरथरू लागली, बायकांनी बांगड्या उतरवल्या, कुणी मुलांना घेऊन पळालं. राणीनं खड्याचे दोन्ही तुकडे उचलले आणि जिन्याच्या माथ्याकडे धावली. सगळे तिच्या मागे. तिनं तुकडे तळघराच्या दारातल्या कोनाड्यात ठेवले आणि मागे सरली. वीज आली. तुकड्यांवर आदळली. आत शिरता आलं नाही म्हणून उसळली, आणि शेजारचा खांब वरपासून खालपर्यंत चिरफाळून परत गेली. दगडाचे कपचे सगळ्यांच्या अंगावर उडाले.

"पाहिलंत?" निर्मळनाथ म्हणाला. "मी एवढा शुद्ध धुतला. तरी नाही."

झालं, संपलं, असं राणीला वाटलं. तिनं तुकडे पुन्हा हातात घेतले आणि डोळ्यांतल्या सुरम्यानं त्यांच्यात पाहिलं. आत बारीक माणसं होती, प्रत्येकाला चार हात, आणि चारही हातांनी चार शेजाऱ्यांना घट्ट धरलेलं. एकही हात मोकळा नव्हता. एकही जागा रिकामी नव्हती. वीज आली तर तिला देणार कोण आणि घेणार कोण? थंडीनं आखडलेली, धुऊन पुसून स्वच्छ केलेली, ती सगळी एकमेकांना धरून भेदरून उभी होती. राणी सहा वर्षं अशीच उभी होती.

तिला सोमलाचा पाचवा हात आठवला आणि टांकणाची रिकामी जागा आठवली.

तिनं पान सोडलं. सोमलाचा कण एका तुकड्यावर ठेवला. टांकणाची चिमूट दुसऱ्यावर.

निर्मळनाथ पुढे धावला. "राणीसाहेब, आपण शुद्ध खडा बाटवता आहात."

"हो," राणी म्हणाली.

तिनं निखाऱ्यांची शेगडी मागवली आणि तुकडे तिच्यावर धरले. ऊब लागली तशी आतल्या माणसांची पकड सैलावली. एका तुकड्यात पाच हातांचे पाहुणे शिरले, इथे एक, तिथे एक, आणि मोकळे हात हलू लागले. दुसऱ्यात तीन हातांचे शिरले आणि रांगांत रिकाम्या जागा पडल्या. राणीनं दोन्ही तुकडे कडेला कड लावून धरले. ते जुळले.

"आईसाहेब," बाळराजे म्हणाले, "तो गुणगुणतोय."

या वेळी तिनं ऐकलं. खरंच, खडा गुणगुणत होता.

तळघर पुन्हा गरजलं. राणी कोनाड्याकडे निघाली, पण टिटवी तिच्या वाटेत उतरली. "खडा ज्याचा, हात त्याचाच लागेल."

"तो सहा वर्षांचा आहे."

"म्हणून पायरी बुटकी आहे. ही जागा त्यांच्या मुलांच्या उंचीनं बांधलेली आहे, राणीसाहेब. पाहा."

राणीनं पाहिलं, आणि ते खरं होतं. कोनाडा मोठ्या माणसाच्या कमरेशी होता. तिला ओरडावंसं वाटलं, त्याला उचलून पळून जावंसं वाटलं. नशिबाला आणि राजाला आणि त्या दोनापुढे न मोजता येणाऱ्या पूर्वजाला तिनं मनातल्या मनात काय काय म्हटलं ते सांगण्यासारखं नाही. मग ती गुडघ्यांवर बसली, त्याच्या हातात खडा दिला आणि म्हणाली, "हा तिथे ठेवायचा. मी इथेच आहे."

"तू येणार नाहीस?"

"नाही."

तो चार पायऱ्या एकटा चढला. एका मुठीत दात, दुसऱ्या मुठीत खडा. राणीचे डोळे उघडे होते आणि सुरम्यामुळे तिला दाराआडची वीज येताना सगळ्यांच्या आधी दिसली. तिनं हाक मारली नाही. त्यानं टाचा उंचावल्या, खडा कोनाड्यात ठेवला आणि बोटानं नीट बसवला, मुलं खेळणं मांडतात तसा.

वीज आली. रिकाम्या जागांमधून मोकळ्या हातांपर्यंत, मोकळ्या हातांतून पलीकडे, ती खड्यामधून शांतपणे गेली. नेहमीप्रमाणे उलटी फिरली, दाराशी आली, आणि थांबली. परतीच्या वाटेवर, जिथे तुकडे जुळले होते तिथे, मोकळा हात नव्हता. तिनं दोनदा धडक दिली, मग पुढे निघाली, डाव्या पेठेच्या तांब्याच्या तारांतून, जायचं तेवढ्याच वेगानं. कुठे काही जळलं नाही. बाळराजांचे केस मात्र ताठ उभे राहिले होते, आणि ते स्वतःवरच हसत होते. हसताना दाताची खिंड दिसली. त्या खिंडीकडे बघत राणी रडली, सगळ्यांदेखत, पदर न लावता.

पुढे सगळं ठीक झालं. डाव्या पेठेनं तारा उजव्या पेठेपर्यंत नेल्या. उजवीकडच्यांनी त्या गंधक आणि झाडाचा चीक घालून मढवल्या, म्हणजे वीज वाटेत सांडू नये. तिथले काही वायू जन्मभर कुणाशी बोलत नसत, कुणात मिसळत नसत. त्यांच्या कुप्यांत वीज गेली तेव्हा त्या तांबड्या, निळ्या, जांभळ्या उजळल्या, आणि त्या आळीतली माणसं पहिल्यांदा एकमेकांच्या ओट्यावर येऊन बसली. माळापलीकडून जिन्यावरची माणसं परतली. सगळ्यात वरच्या पायरीवर म्हातारी येऊन बसली, शेजारी नातीचा रिकामा पाळणा तिनं स्वतः टांगला. निर्मळनाथानं बर्फाचं पाणी ओतून दिलं. आता तो खडा आधी मुठीत धरून ऊब देतो आणि मग विचारतो.

राजानं दरबार भरवून मुलाचं नाव ठेवलं. सोपान, म्हणजे जिना. दोन्ही पेठांनी ते एकदम उच्चारलं.

दुपारी सोपान आईला घेऊन पायऱ्यांवर गेला. त्या राज्यात पडलेला दात आपल्या पेठेतल्या छपरावर फेकण्याची रीत होती. त्यानं मूठ उघडली. "कुठल्या छपरावर टाकू?"

राणीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सहा वर्षं ती या प्रश्नाला भीत आली होती. "तुला हवं तिथे," ती म्हणाली.

त्यानं थोडा विचार केला. मग वाकून तो दात टिटवीच्या गोट्यांत, अंड्यांशेजारी ठेवून दिला. टिटवीनं मान वळवून दाताकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं, आणि अंड्यांवर बसून डोळे मिटले. त्या दिवशी झोपताना तिनं पाय खालीच ठेवले.